कॅमेरा लावून चहाला जाणारा दिनू

दिनू पेंटर कॅमेरा स्टँडवर लावतो, बटन दाबतो आणि चहा प्यायला निघून जातो. परत येईपर्यंत त्याची कलाकृती तयार असते.

मी वीस वर्षं हिंगणघाटच्या शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्या एका निसर्गचित्राला तीन रविवार लागतात आणि मग ते मुख्याध्यापकांच्या कपाटामागे जातं. दहावी नापास दिनूच्या म्हशी दिल्लीला जाऊन आल्या. वेणा नदीच्या पाण्यात बसलेल्या म्हशींचा व्हिडिओ, तीन भिंतींवर, तीन तास. म्हशी मीही पाहिल्या आहेत, पण माझ्याशी त्याबद्दल इंग्रजीत कोणी बोललं नाही.

आधी हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग कॅनव्हासवर आला. चित्रं चांगली असायची. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी अचानक ब्रश सोडून व्हिडिओ धरला. "काऊन बे?" विचारलं, तर म्हणे, "आपोआप होऊ दे ना, मास्तर." हे त्याचं ठेवणीतलं वाक्य.

एकदा कापसाच्या जिनिंग कारखान्यात असाच कॅमेरा लावून गेला. कामगारांना वाटलं, फोटो निघून राह्यला. त्यांनी केस विंचरले आणि कोणी 'झालं' म्हणेना म्हणून पाऊण तास कापसाच्या ढिगासमोर ताठ उभे राहिले. शेवटी एक जण ओठ न हलवता म्हणाला, "अबे, शिंक येऊन राह्यली." त्या व्हिडिओवर एका समीक्षक बाईंनी लेख लिहिला. श्रमाची स्तब्धता वगैरे. मी तो दोनदा वाचला. छातीत जळजळ झाली. त्या दिवशी वांगं खाल्लं होतं, पण ती वांग्याची नव्हती.

गेल्या महिन्यात वर्ध्याला त्याचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाच्या सकाळी फोन. "मास्तर, ब्रश घेऊन येजो. दारावर माहं नाव लिहून दे."

माझं डोकं सटकलं. पदवीधर माणसानं आता याच्या पाट्या रंगवायच्या? चार शब्द सुनवायलाच गेलो. ब्रश मात्र घेतला होता.

दिनू स्टुलावर बसलेला. दाराच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीनं 'दि' काढला होता, वेलांटी पाण्यातल्या सापासारखी. शेजारी खोडलेले आणखी पाच-सहा. दोरी न धरता सरळ रेघ ओढणारा हा माणूस.

"काय झालं बे?"

त्यानं उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता.

"तीन वर्सं झाले. डॉक्टर म्हणते, आता असाच राहीन. कॅमेऱ्याचं बरं हाये, एक बटन दाबलं का झालं." मग हळूच, "घरी सांगतलं नाई अजून."

मी ब्रश काढून स्टुलावर चढलो. तो खाली उभा राहून पाहत होता; ब्रश जाईल तिकडे त्याची मान जात होती. नाव पूर्ण झालं. मी उतरू लागलो तर म्हणाला, "थांब ना. आतल्याही पाट्या राह्यल्या."

व्हिडिओ दिसावेत म्हणून आत मिट्ट अंधार राहणार होता. तिथली पाटी कोण वाचणार? तरी तो एकेक भिंत दाखवत गेला, मी लिहीत गेलो, आणि तो माझ्या मागे उभा राहून पाहत गेला.