तिळाएवढा पूर्णविराम

गेल्या बुधवारी आमच्या गावच्या कंप्युटरच्या गाभ्यातल्या एका खोलीत एकाच वेळी दोघे शिरले आणि बाहेर येताना त्यांच्या नावांची पहिली अक्षरं बदलली. आत गेल्या शालिनीबाई आणि वासुदेवराव. बाहेर आले वालिनीबाई आणि शासुदेवराव. ती खोली एका वेळी एकासाठीच आहे. पण दोघंही सांगत होते, आम्हाला रिकामी मिळाली.

कुलपाची भानगड म्हणून मला बोलावणं आलं. पेठेत माझं कुलपांचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. कंप्युटरातलं मला कळत नाही, पण कुलूप ते कुलूप. चपला बाहेर काढून आत गेलो.

गाभ्याच्या इंजिनिअर दमयंती खैरनार यांनी आधी चहा मागवला. "माणिकशेट, पाचला यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होणार. तेव्हा ज्याचं जे नाव असेल, तेच कायम."

"आणि सहाला आमच्याकडे हळदीकुंकू!" शासुदेवराव रडकुंडीला आले होते. "मंडळीला उखाणा घ्यायचाय. शासुदेवराव म्हटलं की सगळ्यांना सासूदेवराव ऐकू येतं. ती म्हणते, चाळीस बायकांत मी सासूचं नाव घेणार नाही. माहेरी निघालीय हो!"

"तुमचं एक बरंय," वालिनीबाई म्हणाल्या. "मला सगळे वाली म्हणतात आणि सुग्रीव कुठंय विचारतात."

खोलीला दोन दारं, दोन दारांवर दोन राखणदार, मध्ये एक पाटी. पाटीवर 'रिकामी' किंवा 'भरली'. पूर्वेच्या दारावरच्या झिपरूआप्पांना मी विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?"

"नियमात लिहिलंय तेच." त्यांनी भिंतीवरचा फळा दाखवला: *पाटी पाहावी. खोली घ्यावी.*

"पाटी पाहिल्यावर?"

"पूर्णविराम आहे ना. थांबतो."

"किती?"

"पूर्ण. तंबाखू मळून होते."

आप्पा तंबाखू मळत असताना पश्चिमेचा राखणदार पाटी पाहतो. ती अजून 'रिकामी'च. मग तोही थांबतो. नियमाला दोघंही पक्के.

मला माझी एक धनत्रयोदशी आठवली. पितळी कुलूप एक, गिऱ्हाईकं दोन, आणि मी दोघांनाही "आहे" म्हणून बसलो. दोघांनी मिळून मला दुकानाबाहेर काढलं होतं. तेव्हापासून मालावर हात ठेवल्याशिवाय मी "आहे" म्हणत नाही.

"बाई," मी म्हणालो, "पाहावी आणि घ्यावी असं दोनदा कशाला? *पाटी पाहून खोली घ्यावी* लिहा. एका दमात. मध्ये शिरायला फट नाही."

बाईंना पटलं. दुरुस्तीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः तपासला आणि एक त्रुटी काढून स्वतःकडे परत पाठवला. दुसऱ्यांदा मंजूर केला तेव्हा पावणेपाच झाले होते.

मी फळा पुसायचं फडकं उचललं, तोच शासुदेवरावांनी माझा हात धरला. "शेट, थांबा! फट बुजली की आम्ही दोघं एकत्र आत जाणार कसे? नावांची अदलाबदल आतच होते ना!"

बरोबर होतं. ज्या चुकीतून नावं गेली, तिच्यातूनच परत यायची. बाईंनी चुकीला दहा मिनिटांची मुदतवाढ दिली, लेखी. दोघे दोन दारांशी उभे राहिले. राखणदारांनी पाटी पाहिली. पूर्णविराम आला. आप्पांनी शेवटची तंबाखू मळली, जरा जास्तच सावकाश, आणि दोघे आत गेले.

नीट पोचले का बघावं म्हणून मी दारावर हात ठेवून डोकं आत घातलं. डोकंच फक्त.

ते बाहेर आल्यावर मी फळ्यावर 'पाहावी'चं 'पाहून' केलं आणि मधला पूर्णविराम पुसला. तिळाएवढा होता. पाच वाजले. यंत्र बंद झालं, चालू झालं.

सहाला वासुदेवरावांच्या मंडळींनी खणखणीत उखाणा घेतला. सासूबाईसुद्धा हसल्या म्हणे. मालिनीबाईंची काही तक्रार नाही. वालीपेक्षा बरं, म्हणतात.

मी काल पेंटरला बोलावून दुकानाची पाटी नवी करून घेतली: 'शाणिकशेट अमृतकर, कुलुपांचे व्यापारी'. गिऱ्हाईकं म्हणतात, आधीच्यापेक्षा हेच शोभतं.