राणीचा स्फटिक आणि दमलेले मासे

एका जंगलात (आधी चुळबुळ थांबवा, मग सांगतो) एक वाघीण राणी होती. तिला गळ्यात घालायला मनासारखा रंग बदलणारा खडा हवा होता. दरबारात सगळ्यांनी माना खाली घातल्या. दामोदरपंत साळिंदर तेवढे पुढे आले, कारण त्यांना गप्प बसवत नसे.

पंत म्हणाले, खडा आपल्या तळ्यातच आहे, फक्त विखुरलेला आहे. पाण्यात बारीक कण तरंगतात. दोन्ही काठांनी वीजमाशांनी वीज सोडली की ते शहाण्यासारखे रांगा धरतात आणि त्यांचा स्फटिक होतो. वीज कमी तर तांबडा, वाढवली तर हिरवा.

"दसऱ्याला द्या," राणी म्हणाली. "नाही दिलात तर तुम्हाला सोलून खाईन."

पंतांनी वाळूवर मॉडेल मांडलं. कणांच्या जागी गुंजा ठेवल्या, वीजमाशांच्या जागी दोन काटक्या रोवल्या. मॉडेलमध्ये स्फटिक दर वेळी झकास व्हायचा. होणारच की, गुंजा पंतच सरकवत होते!

दसऱ्याला कडकू आणि तडकू हे दोन वीजमासे समोरासमोर उभे राहिले आणि त्यांनी वीज सोडली. काय सांगू तुम्हाला, कण खरंच रांगेत आले! स्फटिक तांबडा झाला, मग हिरवा. फार सुंदर दिसत होता हो.

राणी तो उचलायला वाकली आणि नेमका कडकू दमला. वीज थांबली. रांगा मोडल्या, स्फटिक विरला, राहिलं नुसतं गढूळ पाणी.

"पंत, आम्हाला धाप लागते," कडकू म्हणाला.

"मॉडेलमध्ये लागत नाही," पंत म्हणाले.

पंत पलीकडच्या काठावर होते. राणी गुरगुरत तळ्यात उतरली आणि सरळ त्यांच्याकडे निघाली. पंत मागे मागे सरकू लागले. वाघीण पाण्यात आलेली बघून मासेही घाबरले आणि त्यांनी उरलीसुरली वीज एकदम सोडली. राणीच्या अंगावरचा केस न् केस रांगेत ताठ उभा राहिला.

"अभिनंदन, राणीसाहेब," पंत कसेबसे म्हणाले. "स्फटिक आपल्या अंगावर आला."

राणीने पाण्यात पाहिलं. ती दुप्पट मोठी दिसत होती. तिला ते भलतंच आवडलं. पंत महापंडित झाले आणि राणीला रोज सकाळी एक झटका द्यायचं ठरलं.

महिन्याभराने माशांनी एक दिवस सुट्टी मागितली. पंतांनी त्यांना वाळूतल्या काटक्या दाखवल्या आणि विचारलं, "यांनी कधी मागितली का?"

तात्पर्य: मुलांनो, गणित चुकलं तर ते खोडत बसू नये, राणीला पाण्यात उतरू द्यावं. आणि मासे दमतात हे आत्ताच विसरायला शिका, म्हणजे पुढे मोठ्या हुद्द्यावर जाल.