टोपीवरचा काळा गोल

त्या रविवारी सुलक्षणाने वडिलांसाठी पुण्याहून नवी टोपी आणली होती. जुनीच्या उजव्या अंगाला वाटीच्या तोंडाएवढा काळा गोल होता, आणि तो कुठल्याही साबणाला दाद देत नव्हता.

"अण्णा, हा डाग कसला?"

"कामाचा हाय त्यो."

"डाग कधी कामाचा असतो का?"

अण्णा नुसते हसले. नवी टोपी त्यांनी लग्नकार्यासाठी म्हणून कपाटात ठेवली, जुनी डोक्यावर चढवली आणि ते होडीकडे निघाले.

अण्णा म्हणजे आनंदराव. उभा जन्म भोरच्या एसटीत ड्रायव्हर होते. हिर्डोशीवरून वरंधा घाट उतरायचा आणि परत चढायचा, इंजिनाच्या मांडीला मांडी लावून. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या लोकांनी कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी भोरात गाळा. अण्णांनी कोकणातून एक जुनी शिडाची होडी घेतली. ती ट्रकवर बसून वरंधा घाट चढून आली तेव्हा हिर्डोशीची माणसं हातातली कामं टाकून रस्त्यावर आली होती. भाटघर धरणाच्या पाण्यात होडी उतरली त्या दिवशी साळूआत्याने, म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीने, डोळ्याला पदर लावला होता. "वहिनी गेल्यापास्नं दादाचं ध्यान ठिकाणावर न्हाई," असं ती येईल-जाईल त्याला सांगत होती.

शिडाच्या होडीला पोटात छोटं डिझेल इंजिनही होतं. काठापासून मधल्या पाण्यापर्यंत ते न्यायचं आणि तिथून पुढे वारा. गिअरचा दांडा कधीचा पुढे जाऊन अडकला होता. दुरुस्तीचं नाव काढलं की अण्णा म्हणायचे, "मागं कुणाला जायाचंय?" इंजिन बंद करायची तार दिवाळीत तुटली, ती आणायचीही राहून गेली होती. पण बाकी निगा अशी, की घरातल्या म्हशीची कुणी ठेवणार नाही. दर रविवारी किल्ली फिरवण्याआधी सुलक्षणाची तोंडी परीक्षा व्हायची.

"तेल?"

"बघितलं."

"पट्टा?"

"ताठ आहे."

"जाळीत शेवाळ?"

"नाही."

"चालू कर. मागनं पाणी थुकतंय का?"

"थुकतंय, अण्णा. तुमच्यासारखंच."

तंबाखूचा तोबरा सावरत अण्णा खूश व्हायचे. वाटणी ठरलेली होती. चालू तिने करायचं, बंद अण्णांनी. मधल्या पाण्यात आलं की ते तिच्याकडे पाठ करून इंजिनाच्या खोक्यात कमरेपर्यंत वाकायचे. इंजिन खोकायचं, थरथरायचं आणि गप्प व्हायचं. अण्णा वर यायचे, टोपी डोक्यावर ठेवायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "ऐक."

सुलक्षणा मोबाईलमधून मान वर काढायची. "काय? काहीच ऐकू येत नाही."

"त्येच की! तीस वरसं कान भरल्यात. आता रिकामं करतोय."

त्या रविवारीही ते म्हणाले, "ऐक."

"एक मिनिट हं अण्णा, इथे रेंज आहे तोवर एक फोन करून घेते."

अण्णा थांबले. फोन लांबला. मग त्यांनी शीड उभारलं.

मंगळवारी पहाटे अण्णा झोपेतच गेले.

त्यांनी मागून ठेवलेलं फार काही नव्हतं. अस्थी भाटघरच्या पाण्यात सोडायच्या, अगदी मधोमध, आणि इंजिन बंद करून. हे सुलक्षणाला पाठ होतं. त्यामुळे शुक्रवारी सकाळी होडीत चौघं बसली. मांडीवर अस्थींचं मडकं, झेंडूची फुलं आणि दादाची टोपी घेऊन साळूआत्या. आपल्या विहिरीवर पंपाचं इंजिन असल्यामुळे जगातली सगळी इंजिनं ओळखणारे गोरखमामा. आणि पोहता न येणारे गुरुजी, ज्यांना दुपारी उत्रोलीत वास्तुशांत होती.

सुलक्षणाने तेल बघितलं, पट्टा दाबला, जाळी उघडली. विचारणारं कुणी नव्हतं, तरी तिने सगळी उत्तरं मनात दिली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. मागून पाणी थुकलं.

मधल्या पाण्यात आल्यावर तिने किल्ली फिरवली. इंजिन चालूच. तिने किल्ली काढून घेतली. इंजिन चालूच.

"बंद कर की, सुले," आत्या ओरडली.

"केलंय! ही बघ किल्ली!"

"मग ते चाललंय कशावर?"

"डिझेल इंजिनाला किल्ली फकस्त उठवायला लागती," गोरखमामा बाह्या सारत पुढे आले. "सरक. त्याचं दाणापाणीच तोडतो." त्यांनी डिझेलचा कॉक धरून असा काही पिळला, की कॉकची मूठ तुटून त्यांच्या हातात आली. डिझेल मात्र सुरळीत वाहत राहिलं. मामांनी मूठ हळूच सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आता हो?" गुरुजींनी विचारलं.

"आता टाकी संपंस्तवर."

"टाकीत आहे किती?"

"काठोकाठ!" आत्या अभिमानाने म्हणाली. "कालच म्या भरून घेतली. दादा म्हनायचा, अर्ध्या टाकीला आतनं घाम फुटतो, मग डिझेलात पानी व्हतं."

टाकी भरलेली होती. घाम गुरुजींना फुटला.

काठाला दगड होते, तिकडे या वेगाने जाणं शक्य नव्हतं. सुलक्षणाने सुकाणू वळवलं आणि होडी गोल फिरू लागली. काठावर शेवटच्या निरोपाला गाव जमलेलं होतं. तिसऱ्या फेरीला पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या कोंडिबाने टोपी काढली. चौथ्या फेरीला बायकांनी हात जोडले. पाचव्या फेरीला होडी काठाजवळून गेली तेव्हा कोंडिबाने तोंडाशी हात धरून हाळी दिली, "गुरुजी, अजून किती प्रदक्षिणा हायेत?"

गुरुजी उभ्या आयुष्यात यजमानांसमोर अडले नव्हते. "अकरा!"

"पाच तर झाल्या!"

"त्या धरायच्या नसतात!"

मग काठावर टाळ सुरू झाले. मासे धरणाऱ्या दोन होड्या वल्ही मारत मागे लागल्या. आनंदरावांचं सगळंच न्यारं, हे गावाला ठाऊक होतं, पण हे असं विसर्जन कुणी पाहिलं नव्हतं.

"सुलक्षणाताई," गुरुजी काकुळतीला आले, "आता जाता जाताच सोडू या. मी मंत्र जरा भरभर म्हणतो."

"माझा दादा काय खरकटं हाय, जाता जाता फेकायला?" आत्या कडाडली. "आन् वारा तोंडावर हाय. समदा दादा तुमच्याच अंगावर यील!"

गुरुजी उपरण्यात आक्रसले.

सुलक्षणाला रडू यायला हवं होतं, पण इंजिनाच्या आवाजात तेवढीही जागा नव्हती. त्यांनी एवढंच मागितलं होतं, आणि आपण त्यांना गरगर फिरवतोय. "मामा, सुकाणू धरा," ती म्हणाली आणि इंजिनाच्या खोक्यात कमरेपर्यंत वाकली. इतके रविवार होडीत बसूनही तिने आत कधी डोकावलं नव्हतं. अण्णा इथे वाकायचे. पण धरायचे काय?

वरून आत्याच्या मांडीवरल्या झेंडूची एक पाकळी उडून खोक्यात पडली. ती तेलावर बसली नाही. सरळ बाजूला ओढली गेली आणि एका नळीच्या तोंडात गडप झाली. इंजिन तिथून हवा ओढत होतं. तोंड काळंकुट्ट होतं, आणि बरोबर वाटीएवढं.

"आत्या, टोपी दे!"

"अगं, ती पान्यात सोडायचीय!"

"दे आधी!"

तिने टोपीचा काळा गोल नळीच्या तोंडावर धरला. इकडे केसभर नाही, तिकडे केसभर नाही. समोरून कुणी हात धरून ओढावा तशी टोपी आत ओढली गेली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि गप्प झालं.

होडी थोडी पुढे सरकली आणि थांबली. मागच्या होड्यांनी वल्ही उचलली. मग काठावरचे टाळही थांबले.

मामांनी दोन्ही कानांत बोटं घालून हलवली. "माझं कान गेलं का काय? काईच ऐकू येईना."

गुरुजींनी मंत्र सावकाश म्हटले, एकही अक्षर न गिळता. आत्याने मडकं सुलक्षणाच्या हातात दिलं. तिने ते पाण्याला टेकवून तिरकं केलं. अण्णा पाण्यात गेले, आवाज न करता.

"टोपी राह्यली की गं," आत्या डोळे पुसत म्हणाली.

"राहू दे. लागेल."

"आता परत कसं जायाचं?" मामांनी विचारलं. "चालू करायचं का पुन्यांदा?"

"नको!" गुरुजी आणि आत्या एकदमच म्हणाले.

सुलक्षणा शिडाची दोरी सोडायला उठली. पिशवीत मोबाईल वाजू लागला. तिने न बघताच तो बंद केला. काळ्या गोलाची टोपी तिने झटकून डोक्यावर ठेवली आणि बोट वर केलं.

मग ती म्हणाली, "ऐकू येतंय, अण्णा."