किसनमामांचे दोन संघ

आमच्या शेजारच्या किसनमामांच्या मते भारताच्या पुरुष फुटबॉल संघात त्यांचे सगळे नातेवाईक खेळतात. गोलकीपर म्हणजे त्यांचे थोरले साडू. हे साडू म्हणे प्रत्येक लग्नात पंगतीच्या दारात उभे असायचे आणि त्यांच्या नाकासमोरून वाटेल तो आत जायचा. मधल्या फळीत मेव्हणा. तो स्वतः पळत नाही, दुसऱ्यांना हात करून दाखवतो. आणि पुढे खेळणारा तो मामांचा मुलगा बाळू, चाकणला कंपनीत असतो.

"ह्याच्याकडं बॉल गेला ना डॉक्टर, की परत यायचा नाय. आमचा बाळूच!"

"मामा, त्याचं खरं नाव जर्सीवर लिहिलंय की."

"लिवू द्या. चष्मा काढला तर नाव दिसत नाय, चष्मा लावला तर बॉल दिसत नाय. मंग आपलंच एक नाव ठेवायचं."

मी जनावरांचा डॉक्टर. मूळचा जुन्नरचा, आठ वर्षांपूर्वी अवसरीत आलो आणि मामांच्या शेजारी घर घेतलं. मामा हायस्कूलमध्ये शिपाई होते. मामी वारल्या, बाळू चाकणला गेला, आणि मामा मॅच बघायला आमच्याकडे यायला लागले. सुरुवातीला मला वाटलं, एकट्या माणसाला विरंगुळा हवा असेल. पण गावात सगळे क्रिकेट बघत असताना हा पंच्याहत्तरीचा गडी ऑफसाइड कशाला म्हणतात ते माझ्या बायकोला वाटाण्याच्या शेंगा मांडून समजावत होता. कुतूहल वाटणारच.

पुरुषांची मॅच असली की मामा आमच्या पलंगावर पाय वर घेऊन बसतात. मूठभर शेंगदाणे, आणि दीड तास शिव्या. एखादा खेळाडू पडून कण्हायला लागला की मामा टीव्हीकडे बघून म्हणतात, "ऊठ रं, पावणं आल्यात!" संघ हरला की टोपी झटकतात आणि बायकोला विचारतात, "सूनबाई, कालवण काय केलंय?"

महिलांच्या मॅचला मात्र वेगळेच मामा येतात. दाढी केलेली, टोपी धुतलेली, चपला दाराशी नीट जोडीने. पलंगावर नाही, खुर्चीच्या कडेवर बसतात, हात गुडघ्यांवर. शेंगदाणे नकोत. आवाज नाही. संघ हरला तर न बोलता उठतात, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नाही. आम्ही ताट पाठवलं तर तसंच परत येतं.

शिवाय या मॅचेस सापडायच्या नाहीत. मला मोबाइलवर शोधाव्या लागायच्या. "पोरांची म्याच आपण व्हऊन घरात येती," मामा म्हणायचे. "पोरींची हुडकाय लागती, चुकलेल्या शेळीवानी."

एकदा मी त्यांना डिवचलं. "मामा, क्रमवारीत पोरी पोरांच्या कितीतरी वर आहेत. मग हरल्या म्हणून एवढं काय? पोरांना शिव्या देता, तशा दोन यांनाही द्या."

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "डॉक्टर, पोरं हरली की कोच बदलत्यात. पोरी हरल्या की संघच बंद करत्यात. तितं वरडून कसं चालंल?"

महिलांच्या संघालाही मामांनी नावं ठेवली होती. छबी, शालन, कुसुम, मंगल. पण ही नावं ते हळू, ओठातल्या ओठात घ्यायचे. "छबी, मागं बघ. शालन, दम धर." मी अंदाज करत राहिलो. या पण नातेवाईक असाव्यात. बायकोला विचारलं, तिला माहीत नव्हतं. चहाच्या टपरीवरच्या पोरांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. मामांनाच विचारलं तर म्हणाले, "हायेत," आणि पुढे काही नाही.

त्यातली मंगल सगळ्यात विचित्र. डावीकडून खेळणारी जी कुणी असेल ती मंगल. तिचा फटका बाहेर गेला की मामा आम्हाला समजावून सांगायचे, "तिचा पाय दुखतोय. नायतर गोल व्हता." आता ती पोरगी हरणासारखी पळत असायची. दुखऱ्या पायाची जनावरं मी रोज बघतो. पण मामा ऐकायचे नाहीत. "तुमाला नाय कळायचं. पाय मुरगाळलाय तिचा."

गेल्या वर्षी कळंबला एका घरी म्हैस बघायला गेलो होतो. घरातल्या वहिनी पंचेचाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, डोक्यावर पदर. मी सुई टोचली, म्हशीने लाथ झाडली आणि शेजारची रिकामी किटली उताराने गडगडत निघाली. वहिनींच्या दोन्ही हातांत म्हशीचं दावं. त्यांनी नुसता डावा पाय उचलला आणि गडगडती किटली तळव्याखाली दाबून जागच्या जागी थांबवली. खाली बघितलंसुद्धा नाही.

मी सुई हातात धरून उभाच राहिलो. "वहिनी, तुम्ही फुटबॉल खेळायचात का?"

त्यांनी आधी घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमाला कुणी सांगितलं?"

"माहेर कुठलं तुमचं?"

"अवसरी बुद्रुक. इथं मला सुनीता म्हणत्यात. माहेरचं नाव मंगल."

म्हैस राहिली बाजूला. गोठ्यातच उलट्या पाटीवर बसून मी मामांबद्दल सांगितलं आणि त्यांनी मला उरलेलं सांगितलं. हायस्कूलमध्ये एक खेळाच्या बाई आल्या, त्यांनी मुलींचा संघ काढला आणि वर्षाच्या आत त्यांची बदली झाली. संघ मोडायचा तो मोडला नाही, कारण शाळा सुटल्यावर शिपाईमामा बॉल घेऊन मैदानात जायला लागले. त्यांना खेळ येत नव्हता. कुठून तरी नियमांचं पुस्तक आणून ते मोठ्याने वाचायचे आणि मुली खेळायच्या. बाहेरगावी सामना असला की आईबाप विचारायचे, "किसनमामा हायेत ना संगं? मंग जा."

"पुण्याला फायनल व्हती," वहिनी म्हणाल्या. "तवाच माझी सुपारी फुटली. वडील म्हणाले, आता चड्डी घालून पळायचं बास. मामा घरी आले. म्हणाले, फकस्त रविवार द्या, सोमवारी पोरगी तुमची. वडिलांनी सगळ्यांदेखत त्यांची टोपी काढून अंगणात फेकली."

"मग?"

"मामांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. मला म्हणाले, पाय बरा झाला की ये. मला कळंनाच, कसला पाय? मागनं छबीनं सांगितलं. मामांनी समद्यांना सांगितलं व्हतं, मंगलचा पाय मुरगाळला म्हणून ती येणार नाय. माझ्या वडलांचं नाव कुठं घेतलं नाय."

मुली दहाजणीच खेळल्या आणि हरल्या. पुढच्या वर्षी शाळेने संघ बंद केला. एकेकीचं लग्न झालं. कुणाचं आडनाव बदललं, कुणाचं नावच बदललं, आणि मामांना त्या कुठे शोधाव्यात ते कळलं नाही. मंगलवहिनींना मात्र ठाऊक होतं मामा कुठे आहेत ते. पण माहेरी आल्या तरी त्या गल्लीत गेल्या नाहीत. "कोणत्या तोंडानं जायचं, डॉक्टर?"

पुढच्या महिन्यात महिलांची मॅच होती, दुपारची. मी त्यांना निरोप धाडला आणि मामांना काहीच सांगितलं नाही.

मामा नेहमीसारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते. वहिनी दारात येऊन थांबल्या. हातात मासवड्यांचा डबा. मामांनी वळून बघितलं, चष्मा काढला, परत लावला. तीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला काय विचारतात, मला माहीत नाही. मामांनी विचारलं, "पाय बरा हाय का?"

"बरा हाय, मामा."

"मंग बस."

वहिनी बसल्या. मॅच सुरू झाली. त्या दिवशी मामांनी एकीलाही नावाने हाक मारली नाही. मधूनच दोघं छबी कुठे दिली, शालनला नातवंडं किती, असं हळू बोलत होते. कुसुम दोन वर्षांपूर्वी गेल्याचं वहिनींनी सांगितलं, तेव्हा मामा स्क्रीनकडेच बघत राहिले. गोल झाला तोही त्यांना कळला नसावा. आपला संघ हरला. मी बायकोकडे बघितलं. पण वहिनींनी डबा उघडून पुढे केला, आणि मामा मान खाली घालून जेवले. दोन मासवड्या मागून घेतल्या.

संध्याकाळी आम्ही वहिनींना एसटीच्या थांब्यावर सोडायला गेलो. मंचरची गाडी आली ती गच्च भरून. वहिनी पायरीवर चढल्या आणि पदर सावरत दारातच उभ्या राहिल्या. मामांनी एका हाताने दांडी धरून कंडक्टरला हाक मारली.

"ओ मास्तर! हिला बसायला जागा बघा."

"जागा कुठं हाय, बाबा? काय अडचण हाय का त्यांना?"

"अडचण नाय," मामा म्हणाले. "खेळाडू हाये."

गाडीत दोघे-तिघे हसले. वहिनींनी लाजून तोंडाला पदर लावला. पण मामा दांडी सोडेनात. शेवटी खिडकीपाशी बसलेला एक कॉलेजचा पोरगा उठला आणि म्हणाला, "या मावशी, बसा."