चॉकलेटी चौकड्यांचा शर्ट

"शेठ, काल पिशवी डाव्या हातात होती."

जिन्यावरून हा आवाज आला की मी गुमान पिशवी डाव्या हातात घेतो. छावणीतल्या आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर मधुकर शेळके राहतात. गल्ली त्यांना डायरेक्टर म्हणते. माझं गुलमंडीत कापडाचं दुकान. रोज सकाळी दुकानाला निघालो की हा माणूस मला तपासून खाली सोडतो. एकदा चिडून म्हणालो, "ओ डायरेक्टर, मी काय तुमच्या सीरियलीत हाय का?"

"तुम्ही नाय. पण आमची शालू खिडकीतून बघत असती. कंटिन्युइटी मोडती."

कंटिन्युइटी म्हणजे मागच्या शॉटात जे जसं होतं, ते पुढच्या शॉटात तसंच पाहिजे. हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. आता आमची ही सुद्धा चहात साखर कमी पडली की कंटिन्युइटी गेली म्हणते.

शेळके एके काळी टीव्हीवर होते. एका सीरियलीत खाष्ट थोरल्या दिराचं काम त्यांनी सात वर्षं केलं. गुलमंडीत एका म्हातारीनं त्यांच्यावर छत्री उगारली होती, ते आजही मानपत्र मिळाल्यासारखं सांगतात. मग लेखकानं थोरल्या दिराला घाटात ढकलून मारलं आणि शेळके त्याच सीरियलीचे डायरेक्टर झाले.

तिथंच घात झाला. टीव्हीत सीन उलटसुलट घेतात म्हणे. नायिका विधवा झाल्याचा सीन सकाळी घेतला, नवरा मरायचा होता दुपारी. मधी जेवणाची सुट्टी झाली. बाईनं मंगळसूत्र परत घातलंच नाही आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पडद्यावर नवरा पाणी मागतोय, जिताजागता, आणि बायकोचा गळा रिकामा! चॅनेलच्या लोकांना शिव्या खाऊन खाऊन पुरे झालं. शेळक्यांच्या हातात नारळ पडला. त्या दिवशी अंगात जो चॉकलेटी चौकड्यांचा शर्ट होता, तो घालूनच ते इथं परत आले.

आणि गेली दोन वर्षं रोज तोच शर्ट! आंघोळीच्या वेळी धुणार, वाळेस्तोवर गॅलरीत बनियनवर बसणार, की परत तोच. कापडाच्या व्यापाऱ्याचा शेजारी असा फिरतो म्हटल्यावर लोक मला हसायचे. लई राग यायचा मला त्या शर्टाचा.

त्यांच्या बायकोला, शालूवहिनींना, विसरायचा आजार जडला होता, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पुण्याची लेक मागं लागलेली, आईला पुण्यातल्या संस्थेत ठेवू, तुमच्यानं होणार नाही. शेळक्यांचं उत्तर ठरलेलं, "मला वळखती ना अजून? मग ती इथंच. वळखायची बंद झाली की ने."

त्यांच्या घरात गेलं की मला एकच वाक्य बोलायची परवानगी होती, "वहिनी, चहा मिळंल का?" मग वहिनी हसून म्हणायच्या, "साखर कमी ना, भावजी?" एकदा मी शहाणपणा करून तब्येत विचारली. वहिनी गोंधळल्या. शेळक्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "डायलॉग बदलू नका, शेठ. परत एन्ट्री घ्या."

परत गेलो, चहा मागितला, वहिनी हसल्या. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

एका मंगळवारी तो शर्ट वाळत होता आणि शेळके आंघोळीला होते. मी तो उचलला, म्हटलं निदान इस्त्री तरी करून आणू. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या रौफचाचांनी इस्त्री टेकवली आणि छातीवर तळहाताएवढं भोक पडलं. "शेठ, ये कपड़ा नहीं था, मकड़ी का जाला था," चाचा म्हणाले. मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. माझ्या दुकानातल्या पांढऱ्यावर निळ्या रेघेच्या कापडाचा एक शर्ट मी त्यांच्या मापानं शिवून ठेवलाच होता. तो आणि जळका, दोन्ही घेऊन वर गेलो. "घाला, डायरेक्टर. जरा माणसात या."

शेळके जळका शर्ट हातात धरून पायरीवर बसले.

"शेठ, ती मला तोंडावरनं वळखत नाय," ते म्हणाले. "शर्टावरनं वळखती."

देवा, काय करून बसलो मी!

नवा शर्ट घालून ते आत गेले. वहिनी पदर सावरत उठल्या. "कोण पाहिजे? हे घरात नाहीत."

"शालू, मीच."

त्या भिंतीला टेकल्या आणि ओरडल्या. आमची ही धावत वर आली. दुपारभर वहिनी तिला एकच विचारत होत्या, हे आले का? शेळके दारात उभे. चार वाजता वहिनींनी विचारायचं थांबवलं, मंगळसूत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"असते तर आले असते," त्या म्हणाल्या.

नवरा जिताजागता समोर, आणि बाईचा गळा रिकामा. आमची ही तोंडाला पदर लावून रडायला लागली. शेळके बाहेर गेले, दार ओढून घेतलं. मला वाटलं, लेकीला फोन करायला गेले.

दारावर टकटक झाली. शेळके आत आले ते जरा वाकून, हात जोडून. आवाजही त्यांचा नव्हता.

"नमस्कार ताई. मी शेळके साहेबांच्या शूटिंगवरनं आलोय. काम लांबलंय, साहेब खुशाल हायेत. निरोप दिलाय, गळ्यातलं काढू नका म्हणाले."

वहिनी एक पाऊल पुढं आल्या.

"जेवले का ते?"

"व्हय ताई. जेवले."

"आणि तुम्ही?" त्यांनी मंगळसूत्र उचलून गळ्यात घातलं. "हात धुवा, वाढते मी."

शेळके पाहुण्यासारखे पाटावर बसून जेवले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. आईनं आज ओळखलं का?

"वळखलं की," शेळके म्हणाले. "जेवायला वाढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यात उभे होते. अंगात तोच निळ्या रेघेचा शर्ट, धुतलेला, अजून ओलसर. मी आपणहून पिशवी डाव्या हातात घेतली.

"शेठ," ते म्हणाले, "ह्या कापडाचे अजून निघतील का? हुबेहूब पाहिजेत. आता रोज ह्या निरोप्यालाच यावं लागंल."

सहा शिवून दिले. उरलेला तागा मी वरच्या फळीवर ठेवलाय. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं तर सांगतो, तो विकायचा नाही.