डावीकडचा बोल्ट

"अहो इंजिनीअर, आईंना चारला सोडणार आहेत. तोवर गाडीला चारही चाकं असतील ना?"

बायकोने गॅलरीतून हे विचारलं, तेव्हा इंजिनीअर गाडीखाली उताणा पडला होता. इंजिनीअर हे त्याचं घरातलं नाव. त्याने एकदा मिक्सर दुरुस्त केला होता आणि तो मिक्सर झाकण काढलं की सुरू आणि लावलं की बंद व्हायला लागला, तेव्हापासून पडलेलं. खरी नोकरी पोस्टात. उभा जन्म पाकिटांवर शिक्के मारण्यात गेल्यामुळे, जागा बघून जोरात हाणलं की काम होतं, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती.

आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. "धक्के अजिबात नकोत," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गाडी तर मागे डावीकडून खडाड-खट्, खडाड-खट् अशी वाजत होती. दवाखान्यात नेताना प्रत्येक गतिरोधकावर आई डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. इंजिनीअर स्वतः देवभोळा माणूस, पण हा नामजप भक्तीतून आलेला नाही, एवढं त्यालाही कळत होतं. धक्के झेलणारा शॉकअप गेलाय, असं निदान त्याने तिथल्या तिथे करून टाकलं. मग दवाखान्यात आईच्या कॉटपाशी उभा राहून म्हणाला, "गॅरेज कशाला? बोल्ट सोडायचे, नवा शॉकअप बसवायचा. मीच करतो."

माणसाने बोलण्यापूर्वी जरा थांबावं, हे त्याला गाडीखाली गेल्यावर सुचलं.

सकाळी मोठ्या उत्साहात त्याने डिकी उघडली. मागच्या पंक्चरनंतर त्यानेच घाईघाईत भिरकावलेला जॅक एका कोपऱ्यात आडवा पडला होता. तो काढला, गाडी उचलली, चाक उतरवलं. इथवर सगळं मंगल. मग शॉकअपच्या खालचा बोल्ट आला. गंजाने तो असा रुतून बसला होता, की जणू गाडी नंतर त्याच्याभोवती बांधली असावी. इंजिनीअरने तेल घातलं, हातोडी मारली, देवाचं नाव घेतलं. बोल्ट समाधी लावून बसला.

"हट्टी आहे का?" शेजारचे निवृत्त हेडमास्तर वाकून बघत म्हणाले.

"हलत नाही सर."

"मारून बघितलंस?"

"बघितलं."

"समजावून?"

"तेल घातलं."

"मग पालकांना बोलाव," असं म्हणून हेडमास्तर स्वतःच बाह्या सरसावून खाली बसले. "तू बोल्टाला पाना लाव, पलीकडचा नट मी धरतो."

इंजिनीअरने सगळा जोर लावला. आणि काय आश्चर्य, पाना सरकला! "फिरला! सर, फिरला!"

"माझाही फिरतोय!" हेडमास्तर आनंदाने ओरडले.

बराच वेळ दोघं फिरवत होते. नट, बोल्ट आणि हेडमास्तर एकाच दिशेला, एकाच गतीने, गुण्यागोविंदाने फिरत आहेत, हे गॅलरीतून बायकोला आधी दिसलं.

"सर, तुम्ही धरायचं होतं."

"मग धरलंय की! सोडलाय का मी?"

या वेळी हेडमास्तरांनी नट खरोखर धरला आणि बोल्ट पुन्हा समाधीत गेला. पान्याला लांब दांडा हवा म्हणून इंजिनीअरने आईच्या खोलीतल्या पडद्याचा पोकळ दांडा काढून आणला, पान्यावर चढवला आणि त्यावर लटकला. दांडा धनुष्यासारखा वाकला. मग गरम केलं की लोखंड सुटतं, असं कुठेतरी वाचलेलं आठवून बायकोचा हेअर ड्रायर आणला. बोल्टाला केस असते तर ते सुरेख वाळले असते. शेवटच्या झटक्यात पाना सटकला, बोल्टाचे कोपरे घासून गोल झाले आणि इंजिनीअरची हनुवटी बंपरला भेटली.

तेवढ्यात फोन वाजला. आईच होती. "अरे, यांनी लवकरच सोडलं. मी तयार होऊन बसलेय. गाडी झाली ना?"

"होतच आली," इंजिनीअर म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

"टॅक्सी बोलावते," बायको खाली येऊन म्हणाली.

"नको गं. तिनं सगळ्या वॉर्डाला सांगितलंय, लेक स्वतःच्या हातानं गाडी नीट करून न्यायला येतोय म्हणून. टॅक्सीतून उतरलो तर तिला काय वाटेल?"

"आणि खडखडत नेलीत तर पाठीला काय वाटेल?"

इंजिनीअर चाक उचलायला वाकला. "निदान जो हललाच नाही तो बोल्ट घट्ट तरी आहे," हेडमास्तर म्हणाले. चाक परत चढलं. जॅक हेडमास्तरांच्या पायाशी राहिला आणि नवरा-बायको निघाले.

येताना मागच्या सीटवर आई उशांना टेकून बसली होती, शेजारी सून. पहिला गतिरोधक दिसला तसे इंजिनीअरने मनातल्या मनात हात जोडले. देवा, माझी अब्रू गेली तरी चालेल, तिची पाठ सांभाळ. गाडी चढली, उतरली.

काही नाही. आवाजच नाही.

दुसरा गतिरोधक आला, मग खड्डा. गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालत होती. आरशात बायकोचा चेहरा दिसत होता; तो भुताटकी बघितल्यासारखा होता.

"हातात देव आहे हो माझ्या लेकाच्या," आई सुनेला म्हणाली. इंजिनीअरने खरं सांगायला तोंड उघडलं आणि "तुझा आशीर्वाद," असं म्हणून मिटलं. घरी पोचेपर्यंत तर आपण काहीतरी केलंच असणार, असं त्याला वाटायला लागलं होतं. शेवटी किती हातोड्या मारल्या!

आईला वर नेऊन खिडकीपाशी, उशाला उंचावा देऊन निजवलं. मग तो खाली आला. हत्यारं गोळा केली, जॅक उचलून डिकीत टाकला आणि गाडी जागेवर लावायला निघाला. फाटकातल्या उंचवट्यावर चाक चढलं.

खडाड-खट्.

इंजिनीअर खाली उतरला. मग डिकी उघडून त्याने जॅककडे बघितलं. जॅक निवांत पडला होता. महिनाभर तोच बोलत होता आणि बोल इतका वेळ त्या गरीब, निमूट बोल्टाला लागला होता.

तो वर गेला, तेव्हा सून सासूला पाणी देत होती.

"खाली कुणाची रे गाडी वाजली आत्ता?" आईने विचारलं. "आपलीसुद्धा अगदी अश्शीच वाजायची."

"असेल कुणाची तरी."

"मग जा ना. त्या बिचाऱ्याचीही करून दे. तुला काय, हातचा मळ."

"जाच," बायको ओठ दाबत म्हणाली. "हवं तर दांडा घेऊन जा."

आई खिडकीबाहेर बघत होती. खिडकीला पडदा नव्हता आणि खालचं फाटक तिथून अगदी स्वच्छ दिसत होतं.

इंजिनीअरने एक जुना टॉवेल घेतला आणि जॅक गुंडाळायला मुकाट्याने जिना उतरला. त्या बिचाऱ्याला शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही.