आइसलंडची मोजणी

जग जिंकायला निघालेल्या माणसाला आधी घरादाराचा त्याग करावा लागतो, असं इतिहास सांगतो. बिबवेवाडीच्या सीताराम ओव्हाळांनी जग जिंकायचं ठरवलं तेव्हा त्यांना जेवणाच्या टेबलावरून लोणच्याची बरणी आणि बायकोच्या गोळ्यांचा डबा हलवावा लागला. तेही विचारून!

कारण घरगुतीच होतं. मुलगा अनिरुद्ध लग्नानंतर वाकडला राहायला गेला होता. ज्यांची मुलं अमेरिकेत होती त्यांचं बरं होतं. ती वर्षातून एकदा येऊन महिनाभर राहत. अनिरुद्ध याच शहरात असल्यामुळे कधीही येऊ शकत होता. आणि जो कधीही येऊ शकतो, त्याला आजच यायचं काही कारण नसतं.

दर शनिवारी चंद्रभागाबाई फोन करत.

"आज जमत नाही गं आई, आज मित्रांबरोबर गेम आहे."

"आणि उद्या?"

"उद्या झोप आहे."

हा गेम म्हणजे जग जिंकण्याचा खेळ. पुठ्ठ्यावर जगाचा नकाशा, त्यावर रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे सैनिक. फासे टाकायचे, शेजारचा प्रदेश घ्यायचा, मग त्याच्या शेजारचा. असं करत करत सगळं जग एकाच्या ताब्यात गेलं की खेळ संपला.

"आपण हा खेळ शिकायचा," एका शनिवारी सीतारामराव गंभीरपणे म्हणाले. "आपण तयार झालो की तो आपल्याशी खेळायला येईल."

"त्यापेक्षा सरळ 'ये' म्हणा की!"

"असं कसं म्हणायचं? त्याला कामं असतात."

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने खेळाची पेटी काढण्याआधी चौकशी केली. "वय?"

"अडुसष्ट."

"खेळणाऱ्याचं विचारतोय."

"तेच सांगितलं."

दुकानदाराने त्यांना चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं. "मग घेऊन जा. एक डाव पाच-सहा तास चालतो. तुम्हाला काय घाई!"

पाच-सहा तास! सीतारामरावांना पेटी एकदम हलकी वाटायला लागली. पाच-सहा तास अनिरुद्ध समोर बसणार! गेल्या वर्षभराच्या भेटी एकत्र केल्या तरी एवढा वेळ भरला नसता, आणि त्यातला निम्मा तो गाडी लावायला जागा शोधत होता.

शिकवणीसाठी खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदर दातार आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणतीही गोष्ट येत नाही असं झालेलं नव्हतं. चंद्रभागाबाई शेजारी मटार सोलत बसल्या.

"रविवारी विहारात मैत्री भावना म्हणायची आणि सोमवारी सैबेरियावर चढाई!" त्या म्हणाल्या. "सम्राट अशोकांनी कलिंगानंतर तलवार खाली ठेवली. तुम्ही पेन्शन सुरू झाल्यावर उचलली!"

 सीतारामराव नकाशा पाहत होते, आणि त्यांचा चेहरा आंबट होत चालला होता. कारण त्यांची सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेली होती. हवेलीपासून भोरपर्यंत जमिनी मोजणं, खुणा रोवणं आणि दोन सख्ख्या भावांच्या मधोमध टेप धरून उभं राहणं, यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

"हा नकाशा प्रमाणात नाही," त्यांनी निकाल दिला. "आणि हे कामचाटका इथं पूर्वेच्या टोकाला, अलास्का तिथं पश्चिमेच्या टोकाला. मधे अख्खं टेबल! तरी म्हणे एकमेकांचे शेजारी! हद्द लागतेच कशी?"

"पृथ्वी गोल आहे, ओव्हाळ."

"शासकीय नकाशावर ती सपाट असते."

"अहो, पुठ्ठा वाकवून बघा! ही दोन टोकं जुळतात!"

ही सूचना श्यामसुंदररावांची. अंमलबजावणी सीतारामरावांची. पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला, सुटला आणि उत्तर अमेरिकेचं सगळं सैन्य हवेत उडालं! निम्मं फ्रिजखाली गेलं, उरलेलं मटारात. त्या रात्रीच्या उसळीत चंद्रभागाबाईंना एक घोडेस्वार सापडला. तो त्यांनी धुऊन, पुसून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

पण खरी अडचण पुढेच होती. सीतारामरावांना हल्लाच करता येईना! समोर ब्राझील रिकामं पडलेलं, हाताशी ढीगभर सैन्य, आणि हे फासे मुठीत धरून बसलेले.

"टाका की!" श्यामसुंदरराव ओरडले.

"लगतच्या धारकांना कळवलं नाही अजून."

"काय?"

"मी ब्राझीलमध्ये शिरणार, तर पेरूला नको कळवायला? व्हेनेझुएलाला? नोटीस काढायची, त्यांना हजर ठेवायचं, कोणाची हरकत असेल तर ऐकून घ्यायची. मग शिरायचं."

"ओव्हाळ, ही चढाई आहे! मोजणी नाही!"

"दातार, नोटीस न देता दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. त्याला शेतमालकाने विहिरीत ढकलला होता."

दोन आठवड्यांत सीतारामराव खेळ शिकले. म्हणजे नियम पाठ झाले. नोटीस काही सुटली नाही. तेवढ्यावर त्यांनी अनिरुद्धला फोन लावला आणि घसा खाकरून सहज म्हणाले, "आम्ही हल्ली तो जगाचा खेळ खेळतो. तिसरा माणूस कमी पडतो. म्हणजे, कळवून ठेवलं."

"तुम्ही? बाबा, सिरियसली? रविवारी येतो आम्ही!"

रविवारी अनिरुद्ध आणि सूनबाई चैताली अकराच्या सुमारास आले. चंद्रभागाबाईंनी सकाळपासून मटण शिजत ठेवलं होतं, भाकरीचं पीठ काढून ठेवलं होतं. सीतारामरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. श्यामसुंदरराव आफ्रिका मागून घेऊन बसले होते.

डाव सुरू झाला. अनिरुद्ध दर शनिवारी खेळणारा, म्हणून बेफिकीर. युरोपभर पसरला, पातळ झाला, आणि बघता बघता त्याच्याकडे एकटं आइसलंड उरलं. त्यावर एकच सैनिक. शेजारी सीतारामरावांचं सैन्य असं ठासून भरलं होतं की उन्हाळ्यातले स्वारगेटचे फलाट आठवावेत.

"घ्या बाबा," अनिरुद्ध हसून म्हणाला. "मी आउट. तोवर जरा फोन बघतो."

सीतारामरावांनी उचललेले फासे परत खाली ठेवले. आउट झालेला माणूस फोन बघतो. फोन बघणारा माणूस मग घड्याळ बघतो. घड्याळ बघितलेला माणूस चप्पल शोधायला लागतो!

"थांब," ते म्हणाले. "आइसलंडच्या हद्दीबाबत हरकत आली आहे."

"कोणाची?"

"माझीच. ऐकून घ्यावी लागेल."

आणि मग सीतारामरावांनी आयुष्यभराची विद्या पणाला लावली. प्रकरण कसं निकाली काढायचं नाही, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कोणाला येत नव्हतं! आइसलंड चारही बाजूंनी पाण्यात, म्हणून समुद्राला हजर राहण्यास कळवणे. ग्रीनलंडचा धारक गैरहजर, म्हणून पुढची तारीख. चैताली आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली.

"बाबा, अटॅक करा ना! मी कधीची वाट बघतेय!"

"मोजणीशिवाय ताबा नाही, सूनबाई."

अनिरुद्ध गालाला हात लावून ऐकत होता. लहानपणी तो वडिलांबरोबर एकदा खडकवासल्याच्या बाजूला मोजणीला गेला होता. "बाबा, त्या दिवशी तो म्हातारा शेतात आडवा पडला होता ना? उठायलाच तयार नव्हता!" सीतारामराव सांगायला लागले. फोन उपडा पडून राहिला. बाहेर ऊन चढत होतं आणि आइसलंडवर एकटा निळा सैनिक सुखात उभा होता. हे युद्ध असंच चालावं, असं सीतारामरावांना वाटलं. वर्षभर चाललं तरी त्यांची तक्रार नव्हती.

"जेवणं गार होतायत!" स्वयंपाकघरातून आवाज आला. नंतर, "रस्सा दुसऱ्यांदा तापवलाय!" त्यानंतर नुसताच परातीचा आवाज आला.

एक वाजला. श्यामसुंदरराव उठले. "माझी झोपेची वेळ."

"अहो, महायुद्ध चालू आहे!"

"चालू द्या. चारनंतर येतो. वहिनी, आफ्रिका सांभाळा."

चंद्रभागाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. मुलगा दोन तास उपाशी बसलेला. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी, आणि ताट मांडायच्या जागेवर जग पसरलेलं!

"हे कधी संपतं?"

"सगळं जग एकाचं झालं की," चैताली म्हणाली.

"एवढंच?" त्यांनी खुर्ची ओढली आणि फासे उचलले. "हा पिवळा कोणाचा?"

"माझा," सीतारामराव म्हणाले. "पण अगं, आधी लगतच्या..."

"उचला."

सहा पडले. पुन्हा सहा! आफ्रिकेतून युरोप, युरोपातून आशिया. चैतालीचं ऑस्ट्रेलिया त्यांनी पोळपाट पुसावा तसं पुसून घेतलं. पाळी दुसऱ्याची आली की "टाक लवकर, तवा तापलाय" एवढ्यावर तो घाबरून हरायचा. उभी नोकरी लगतदारांना नोटिसा देणाऱ्या सीतारामरावांचं साम्राज्य विनानोटीस गेलं!

शेवटी आइसलंड राहिलं.

"अगं, त्याचा एक राहू दे!" सीतारामराव जवळजवळ ओरडले. "एकच आहे!"

"आई, निदान..."

"हात धू," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि निळा सैनिक पेटीत टाकला.

मटण फार छान झालं होतं. अनिरुद्धने चार भाकऱ्या खाल्ल्या. चंद्रभागाबाईंच्या चेहऱ्यावर जगज्जेत्याचं समाधान होतं, पण त्याचं कारण भाकऱ्या होत्या.

"पुन्हा मांडू या?" सीतारामरावांनी हात पुसता पुसता विचारलं.

"एवढं जेवल्यावर? बाबा!" अनिरुद्ध दिवाणावर आडवा झाला आणि घोरायला लागला. सीतारामराव शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसले. पेपर काही त्यांनी वाचला नाही.

साडेचारला चहा झाला. चंद्रभागाबाईंनी रश्शाचा डबा बांधून चैतालीच्या हातात दिला. अनिरुद्ध गाडीची किल्ली बोटावर फिरवत दारात उभा राहिला. गेला नाही. पायपुसण्याचं टोक त्याने पायाने सरळ केलं.

"बाबा, थांबू का आज? उद्या घरूनच काम आहे. लॅपटॉप गाडीतच आहे."

सीतारामरावांनी यासाठी जग जिंकायला घेतलं होतं. 'थांब' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला. पण तिथे वर्षानुवर्षं मुरलेला बाप हजर होता, आणि नेहमीप्रमाणे तोच आधी बोलला.

"कशाला उगाच? तुमचं सगळं तिकडं. निघा वेळेवर. कात्रजला ट्रॅफिक लागेल."

"हं," अनिरुद्ध म्हणाला. "ते पण आहे."

लिफ्ट खाली गेली. चंद्रभागाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या काहीतरी बोलतील म्हणून सीतारामराव वाट पाहत होते. त्या चहाचे कप उचलून आत गेल्या.

सहाच्या आतच अनिरुद्धचा फोन आला.

"पोचलो, बाबा. रस्ता अगदी मोकळा होता."